राणी म्हणते, ठीक आहे

आमच्या चिनी बोलीत सै-गू म्हणजे चौथी आत्या. ती नेमकी कुणाची आत्या, हे बेटावर कुणाला धड सांगता आलं नसतं. ज्या भावाच्या पोरांमुळे तिला ते नाव पडलं, तो केव्हाच बायकापोरांसकट कॅनडाला निघून गेला होता. मागे उरल्या दोन खोल्या, एक अंगण, नाटकातल्या जुन्या कपड्यांचा एक पेटारा आणि सै-गू. मग ती आख्ख्या बेटाचीच आत्या झाली. माझी आई तिला सै-गू म्हणायची, मीही म्हणायची आणि माझी पोरगीही.

बाई गोड होती असं कुणी म्हणालं तर मी हसेन. एक नंबरची भांडकुदळ. माझ्या पेजेच्या दुकानात रोज सकाळी यायची, पेज पातळ झालीय म्हणून कुरकुरायची आणि वाडगा असा चाटूनपुसून ठेवायची की धुवायची गरज पडू नये. पोरांशी पत्ते खेळताना धडधडीत लबाडी करायची. पकडली गेली की पोरांनाच दरडावायची, "म्हाताऱ्या माणसावर आळ घेता? कान उपटीन!" पोरं खिदळायची आणि पुन्हा पत्ते वाटायची.

सातव्या वर्षी आईबापांनी तिला शहरात एका घरी कामाला ठेवलं होतं. तिथून ती वयात येता येता पळाली ती नाटकमंडळीत शिरली, आणि केस पिकेपर्यंत दुसऱ्यांना रंगवून-सजवून राजे-राण्या करत राहिली. एकदा माझ्यासमोर सहज म्हणाली, "आ-फान, मला लहानपणी खेळायला कुणी शिकवलंच नाही बघ. म्हातारपणी शिकले." गुडघा दुखतोय म्हणावं तशा आवाजात म्हणाली. मी उगाच कढईकडे वळले.

दुपारी शाळा सुटली की तिच्या अंगणात पोरांचा बाजार भरायचा. पेटारा उघडायचा. कुणी सेनापती, कुणी नवरी, कुणी वाघ, कुणी कर वसूल करणारा अधिकारी. भातुकली मांडलेली असायची, वाळूचा भात आणि शिंपल्यांच्या ताटल्या. सै-गू मध्ये पडायची नाही. तिचा एकच नियम होता. घरून जेवायला हाक आली की कपडा उतरवायचा, पेटाऱ्यात टाकायचा आणि पळायचं. ती म्हणायची, "सोंग घेता आलं पाहिजे तसं टाकताही आलं पाहिजे. ज्याला टाकता येत नाही त्याचं ते सोंग नाही, ते ओझं." यावर मी तिला एकदा म्हटलं, सै-गू, लई शहाणपणाचं बोलतेस. तर म्हणाली, "मग पिठाची एक तळलेली काडी फुकट दे." दिली मी.

तर या बाईकडे आमच्या वरच्या आळीने वर्षानुवर्षं तरंगत्या सोंगांचं काम दिलं होतं. समुद्रदेवी तिन हाऊच्या उत्सवात वरची आणि खालची, दोन्ही आळ्यांच्या मिरवणुका निघतात. चाकांच्या गाड्यावर लोखंडी दांडा उभा करतात, कधी त्याची तलवार दिसते, कधी फुलाची फांदी, आणि त्याच्या टोकाला घट्ट बांधलेलं चार-सहा वर्षांचं पोर, राजाच्या नाहीतर राणीच्या वेषात. दांडा दिसतच नाही. पोर माणसांच्या डोक्यावरून हवेत तरंगत चाललंय असंच वाटतं. ज्या आळीचं सोंग उत्तम, तिच्या देवळावर वर्षभर ध्वज. या ध्वजापायी आमच्याकडे सोयरिकी मोडल्यात.

एक रीत मात्र दोन्ही आळ्या पाळतात. पोराच्या कपाळावर लाल टिळा टेकला की मिरवणूक संपून पाय धुवेपर्यंत त्याचं नाव घ्यायचं नाही. राजा असेल तर राजा, राणी असेल तर राणी. नाव घेतलं तर भोवती हिंडणारं भलतंसलतं ते ऐकतं आणि पोराला नावाने ओढून नेतं, असं म्हातारे सांगतात. शिवाय ध्वजही जातो. भुताला कुणी भ्यायचं नाही म्हटलं तरी ध्वजाला सगळे भितात.

आता मान-यीचं सांगते. ही सुकी मासळी विकणाऱ्या शुई-होची नात, सहा वर्षांची. बाप जहाजावर, आई शहरातल्या कारखान्यात, महिन्यातून एखादा रविवार घरी. घरात आजी आणि तान्हा भाऊ. ही पोरगी भावाला पाठीला बांधून माझ्याकडे पेज न्यायला यायची, उरलेले सुटे पैसे मुठीत मोजून घ्यायची आणि वर मला सांगायची, "फान-मावशी, काल आलं कमी होतं. बाळाला सर्दी आहे, आज जरा बघून घाला." बायका तिचं तोंडभरून कौतुक करायच्या. काय समंजस पोर! काय गुणाची! बाई, छोटी मालकीणच की! मीही म्हणायची. सै-गू तेवढी म्हणायची नाही.

अंगणात आली की मान-यी नेहमी आई व्हायची. चूल मांडायची, भात वाढायची, दुसऱ्या पोरांची नाकं पुसायची. सै-गूने दोन-चार दिवस बघितलं आणि मला येऊन म्हणाली, "ही खेळत नाहीये गं. ही कामावर आलीये." मग तिने काय केलं, तर पाठीवरचं बाळ काढून स्वतःच्या पाठीला बांधलं आणि पोरीला म्हणाली, "डुकरे, आज तू चोर." घरात तिला डुकरीच म्हणायचे. आमच्याकडे तान्ह्या पोराला असलंच काहीतरी ओंगळ नाव देतात, म्हणजे वाईट नजर म्हणते, जाऊ दे, हे कशाला उचलायचं. डुकरी आधी अंग चोरून उभी राहिली. मग कुणाची तरी शिंपली उचलून अशी सुसाट पळाली की चप्पल गटारात गेली. हसता हसता तिला उचकी लागली. ती मोठ्याने हसू शकते हे आळीला त्या दिवशी कळलं.

त्या वर्षीचं आमचं सोंग ठरलं महाराणीचं. खाली गाड्यावर दासी पंखा धरून बसलेली, आणि त्या पंख्याच्या टोकावर महाराणी उभी. दासी म्हणून मिठाईवाल्याची सिऊ-लिंग ठरली, कारण ती गोल होती आणि तोंडात काहीतरी असलं की तासन्‌तास बसायची. आणि महाराणीसाठी शुई-हो आपल्या नातीचा हात धरून उत्सवाच्या समितीत आली.

शुई-होला सहज "नाही" म्हणता येईल अशी ती बाई नव्हती. होडीत जन्मलेली. तिच्या लहानपणी होडीवाल्यांच्या पोरांना किनाऱ्यावरच्या मिरवणुकीत उभं करायचे नाहीत. त्यांनी होडीतून, लांबून, माणसांची डोकी बघायची. नंतर लग्न होऊन ती किनाऱ्यावर आली, सुकी मासळी विकून तिने घर बांधलं, पण चार बायका भांडल्या की एखादी "होडीवाली" म्हणायचीच. ती समितीत म्हणाली, "फार काही मागत नाही. एक दिवस. या सगळ्या रस्त्याने माझ्या नातीकडे मान वर करून बघायचं."

सै-गू म्हणाली, "शुई-हो, हिला नको. हिच्याकडून आधीच सगळे मोठ्याची कामं करून घेतात. वर बसवून आणखी शहाणी करू नकोस."

"तू कोण ठरवणार? तुझी पोर आहे का?"

"माझी एकही नाही, म्हणून सगळ्यांची दिसतात."

भांडण पेटलं असतं. पण मान-यी टेबलावरच्या मुकुटाकडे बघत होती. पत्र्याचाच तो, वर काचेचे मणी आणि दोन्ही बाजूंना झुलणारी पाखरं. तिने बोटाने हळूच एक पाखरू हलवलं आणि ते थरथरलं तशी ती तोंडावर हात धरून हसली. सै-गूने ते बघितलं आणि तिचं सगळं अवसान गेलं. म्हणाली, "डुकरे, तुला बसायचंय?" पोरीने इतक्या जोरात मान हलवली की प्रश्नच मिटला.

समितीचे अध्यक्ष क्वोककाका, त्यांचा कोळंबीच्या चटणीचा धंदा. माणूस वाईट नाही, पण ध्वजाचं नाव काढलं की डोकं फिरतं. गेल्या वर्षी सै-गूने भर मिरवणुकीत खालून तोंडाने पादल्यासारखा आवाज काढला होता आणि वरचा बादशहा खो-खो हसत सुटला होता. ध्वज गेला खालच्या आळीकडे. मला विचाराल तर तेवढा छान बादशहा मी जन्मात बघितला नाही. पण क्वोककाकांनी या वेळी बजावलं, "सै-गू, यंदा खालून चाळे नाहीत. एक चाळा झाला तर पुढच्या वर्षापासून पेटारा घरीच ठेवायचा."

"आणि रेशमी कापडाचं काय? मागच्या वेळी गादीचा अभ्रा दिलात मला."

"समितीत पैसे नाहीत."

"सगळी सोंगं आणता येतात काका, पैशाचं तेवढं येत नाही," ती म्हणाली, पण चाळे न करायचं तिने कबूल केलं. ती कबूल झाली याचंच मला आश्चर्य वाटलं. पण म्हातारीकडे दुसरं होतं काय? वर्षातून हा एक दिवस तिचा होता आणि तो तिला सोडायचा नव्हता.

तालमी घरी शुई-होने घेतल्या. मी पेज द्यायला गेले तेव्हा बघितलं. पोरगी स्टुलावर ताठ बसलेली, डोक्यावर पितळी भांडं.

"राणी खाजवते का?"

"नाही."

"राणीला तहान लागते का?"

"नाही."

"कुणी विचारलं, ठीक आहे का, तर राणी काय म्हणते?"

"ठीक आहे."

"आवाज खालून काढ. रडक्या पोरीसारखा नको."

"ठीक आहे," मान-यी म्हणाली. सहा वर्षांच्या पोरीच्या गळ्यातून असा आवाज निघाला की माझ्या अंगावर काटा आला. शुई-हो मात्र माझ्याकडे बघून अभिमानाने हसली. मी वाडगे ठेवून निघून आले.

उत्सवाच्या दिवशी ऊन नुसतं भाजून काढत होतं. वारा पडलेला, समुद्रावरून वाफ येत होती. सै-गूने दोघी पोरींना देवळाच्या मागच्या खोलीत रंगवलं. तोंडाला पांढरा लेप, गालांवर गुलाबी, ओठांचा ठिपका. रंगवताना ती वेड्यावाकड्या नकला करत होती आणि तिथे मान-यी चांगली हसत होती. "हलू नकोस, नाहीतर भुवई कानावर जाईल," म्हणत म्हणत म्हातारीने तिला सजवलं. मुकुट चढला, पाखरं झुलली, पोरीने आरशात स्वतःला बघितलं आणि "अगो बाई!" म्हणाली. ते बघून मला वाटलं, चला, आपण उगाच घाबरत होतो.

मग कपाळाला टिळा लागला. शुई-हो म्हणाली, "देवीच्या पाया पाडून आणते," आणि पोरीला आत घेऊन गेली. बराच वेळ लागला. बाहेर ढोल सुरू झाले, क्वोककाका घड्याळ बघून ओरडू लागले. शुई-हो आली ती घाईत, आणि गाड्यावरच्या माणसांनी राणीला उचलून दांड्यावरच्या खोगिरात बसवलं. सै-गूने नेहमीच्या पट्ट्या बांधल्या, ओढून बघितल्या, पायघोळ घागरा खाली सोडला, खोटे जोडे पंख्याच्या टोकावर टेकवले. महाराणी हवेत उभी राहिली आणि आळीने एकच आरोळी ठोकली.

मी छत्री आणि जवाच्या पाण्याची किटली घेऊन गाड्यासोबत चालत होते, ते माझं दरवर्षीचं काम. पुढे सै-गू, तिच्या पुढे आकडीची काठी घेऊन विजेच्या तारा उचलणारा माणूस. देवळापासून धक्क्यापर्यंत आणि धक्क्यावरून लांब गल्लीतून परत. सिऊ-लिंग दासी पहिल्या वळणापासून चिंचेची गोळी चघळत होती आणि मधूनमधून बाहीने स्वतःलाच वारा घेत होती. लोक तिला हसत होते. राणीला कुणी हसत नव्हतं. राणीकडे सगळे मान वर करून, तोंड उघडं टाकून बघत होते.

"बघा बघा, पापणी लवत नाही!"

"बाहुली आहे की खरी?"

"कुणाची गं ही?"

"होडीवाल्या शुई-होची नात. काय शिस्त आहे पण!"

शुई-हो गर्दीच्या कडेने आमच्या बरोबरीने चालत होती. ती नातीकडे बघतच नव्हती. ती बघणाऱ्यांची तोंडं बघत होती, एकेक करून, जेवणाऱ्याने ताटाकडे बघावं तशी.

धक्क्यावर गाडा थांबला तेव्हा मी काठीला नळी लावून पाणी वर केलं. राणीने ओठ मिटून घेतले. सै-गूने रीतीप्रमाणे विचारलं, "राणीसाहेब, ठीक आहात ना?"

"ठीक आहे," वरून आवाज आला.

लांब गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंना घरं, मध्ये माणसं, उन्हाचा ताव. सै-गू आता पुढे चालण्याऐवजी उलटी चालू लागली, तोंड गाड्याकडे करून. मला म्हणाली, "आ-फान, ती हलत नाहीये."

"बरंच आहे की. ध्वज आपलाच."

"बरं कसलं? पोर हलतं. नाक ओढतं, पाय हलवतं, कुणी ओळखीचं दिसलं की डोळे मिचकावतं. ही पाखरंसुद्धा हलू देत नाहीये." तिने पुन्हा हाक दिली, "राणीसाहेब, ठीक?"

"ठीक आहे." या वेळी ऐकू येण्यासाठी मला कान द्यावा लागला.

क्वोककाका मागून आले. "सै-गू, चाळे नाहीत म्हणालो होतो. पंच पुढच्या गच्चीवर बसलेत."

"काका, तिला उतरवू या जरा. सावलीत."

"वेड लागलंय का? ठीक आहे म्हणतेय ना ती?"

वर बघितलं तर एक माशी राणीच्या ओठांच्या कोपऱ्यावर येऊन बसली होती. लाल रंगावरून चालत नाकाकडे गेली, परत खाली आली. पोरगी फुंकरही मारेना. गच्चीवरून टाळ्या पडल्या. "वा! अशी राणी पाहिजे!" पांढऱ्या लेपाखाली पोरगी पांढरी पडली असली तर दिसणार कसं?

सै-गूने तिसऱ्यांदा विचारलं. ओठ हलले. आवाज आला नाही. ओठ काय म्हणाले ते मात्र सगळ्यांना कळलं, आणि लोक आणखीच खूश झाले.

"झालं समाधान?" क्वोककाका म्हणाले. "तीन वेळा सांगितलं तिने."

"राणीने सांगितलं," सै-गू म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "राणीचं काय जातंय सांगायला! सकाळपासून आपण सगळे राणीलाच विचारतोय. पोरीला विचारलंय का कुणी?"

"सै-गू, टिळा लागलाय. तोंड सांभाळ."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. काय करणार आहे ते मला कळलं आणि मी तिचा हात धरला. भुताचं मला काही नव्हतं. पण आख्खी आळी, पंच, खालच्या आळीची माणसं, सगळ्यांसमोर ती हे करणार आणि उद्यापासून तिला या बेटावर कुणी दारात उभं करणार नाही, एवढं मला दिसत होतं. तिने माझा हात झटकला आणि गाड्यासमोर आडवी उभी राहिली. गाडा ढकलणारे थांबले.

"डुकरे!" ती ओरडली. "ए डुकरे!"

ढोल थांबला. आधी एक, मग बाकीचे. एका म्हाताऱ्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. गर्दीच्या कडेला शुई-हो तोंडावर पदर घ्यावा तशी बाही धरून उभी होती.

वर काहीच हललं नाही.

"डुकरे, इकडे बघ. मी आहे, सै-गू. राणीला नको विचारायला, मी तुला विचारतेय. काय होतंय?"

राणीचे डोळे हळूहळू खाली आले. आपल्याला खालून कुणी हाक मारली हे तिला नीट उमगत नव्हतं. मग एकदम बारीक, घरातला आवाज आला.

"सै-गू, मी बोलायचं नाहीये."

"कोण म्हणालं?"

"आजी."

"मग हळूच बोल. फक्त मला."

"आतल्या पट्टीने श्वास आत जात नाही," पोरगी म्हणाली, आणि मुकुट एका बाजूला कलला.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. सै-गू त्या वयात गाड्यावर चढली कशी कोण जाणे. सिऊ-लिंग घाबरून भोकाड पसरून रडायला लागली. क्वोककाका आधी "ध्वज, ध्वज" करत होते, आणि मग तेच खांदा देऊन उभे राहिले आणि त्यांच्या खांद्यावर पाय देऊन तारा उचलणारा माणूस वर गेला. खोगिरातून सोडवलेली पोरगी त्याच्या हातांवर अशी लोंबत खाली आली, की बायकांनी डोळे मिटले. समोरच माझं दुकान. मी बाकावरचे वाडगे हाताने लोटून दिले आणि तिला तिथे झोपवलं.

"कात्री!" सै-गू म्हणाली.

तळलेल्या काड्या कापायची माझी कात्री तेलाने माखलेली होती, तीच दिली. तिने महाराणीचा झगा वरपासून खालपर्यंत कापला. गादीच्या अभ्र्याचा का होईना, महिनाभर खपून शिवलेला. आत शिडाच्या कापडाची एक रुंद पट्टी होती, छातीपासून पोटापर्यंत आवळलेली. सै-गूने बांधलेली ती नव्हती. ती पट्टी कात्रीला दाद देत नव्हती. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा टरकन फाटली. पोरीने तोंड उघडलं आणि बुडालेलं माणूस वर यावं तसा श्वास घेतला. मग आणखी एक. बरगड्यांवर तांबडालाल वळ उठला होता.

शुई-हो दारात आली होती. "सैल होती," ती म्हणाली. "मी सैलच बांधली होती. पाठ वाकू नये म्हणून. सकाळी सैल होती." पुन्हा पुन्हा तेच.

सै-गू तिला काय काय बोलेल असं मला वाटलं होतं. जिने पेजेवरून माझा बाप काढला होता, ती. पण तिने कात्री खाली ठेवली आणि बाकाच्या टोकाला बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. रीत तिने मोडली होती, आणि बाहेर त्याचीच कुजबुज चालली होती. तिला ती ऐकू येत होती. त्या दिवसानंतर बेटावर कुणी तिला पोराच्या तोंडाला रंग लावू दिला नाही, अगदी ज्यांनी त्या दिवशी डोळे मिटले होते त्यांनीसुद्धा नाही. ते मला नंतर फार लागलं. त्या क्षणी मात्र आम्ही सगळे पोरीकडेच बघत होतो.

मान-यी उठून बसली. अर्धा रंग पुसलेला, एक डोळा राणीचा आणि एक तिचा. मी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो घेतला नाही, आजीकडे बघितलं. आजीने मान हलवली तेव्हा प्याली, घटाघटा, सगळं. रिकामा पेला तिने नीट बाकावर ठेवला, सांडलेले दोन थेंब बाहीने पुसले. आम्ही वाट बघत होतो, आता रडेल, आता रडेल. ती रडत नव्हती. पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून बसली होती आणि तिची हनुवटी सारखी थरथरत होती. सै-गू एकदम पुढे झाली, पण थांबली, कारण पोरगी तिच्याकडे बघत नव्हती.

"आजी," ती म्हणाली, "मिरवणूक संपली का?"

"संपली गं."

"मग आता रडलं तर चालेल?"

शुई-हो माझ्या दुकानाच्या ओल्या फरशीवर मटकन खाली बसली. ज्या बाईला मी कधी कुणापुढे मान खाली घालताना बघितलं नव्हतं, तिने नातीचे दोन्ही पाय छातीशी धरले. म्हणाली, "रड. डुकरे, रड गं माझे बाई. हवं तेवढं रड."

आणि पोरगी रडली. हात झाडून, पाय आपटून, नाकातोंडातून, तान्ह्या पोरासारखी. माझ्या भांड्यांना कंप सुटला असेल. गल्लीत सगळ्यांना ऐकू गेलं. जरा वेळाने क्वोककाका दारातून डोकावले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "शुई-होबाई, लोक खोळंबलेत. पंच विचारतायत, वरच्या आळीची राणी परत येणार आहे का?"

शुई-होने मान वर केली नाही. पोरीच्या पाठीवरून तिचा हात फिरतच होता.

"राणी नाहीये इथे," ती म्हणाली. "माझी नात रडतेय. तिचं होईपर्यंत थांबा म्हणावं सगळ्यांना."

काका तिथेच दारात उभे राहिले, टोपी हातात घेऊन.